मुंगीच्या भिंतीवरच्या पेट्या

८ जानेवारी

प्रिय छोटी,

फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. मुंगी कान टवकारून बसलेली असते, आणि एकदा फोन तिच्या हातात गेला की तो माझ्याकडे परत येतो कुठे? म्हणून हे पत्र. हॉस्पिटलात तू आता मोठी नर्स झालीस, तरी ताईचं अक्षर वाचायला वेळ काढशील असं धरून चालते.

तुझ्या लेकीला मी मुंगी म्हणते ते उगाच नाही. चार वर्षांची असताना तू तिला माझ्याकडे ठेवून गेलीस, तेव्हापासून रस्त्यात दिसेल ते उचलून घरी आणण्याचा तिचा उद्योग चालू आहे. गोगलगायींचे शंख, बटणं, हरवलेल्या कुलपाची किल्ली, कुणाच्या तरी दाराची पितळी मूठ. परवा गादी उचलली तर खाली अख्खी नळाची तोटी! मी ओरडले. तर बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तिला घर नाहीये." आता यावर काय बोलणार, कपाळ?

मग ठरवलं की या सगळ्या पसाऱ्याला एकदाचं घर द्यायचं. तिच्या खोलीच्या भिंतीवर लाकडी पेट्या करायच्या. समोरून उघड्या, वीतभर खोल. एक चौकोनी, एक उभट, एक उतरत्या छपराच्या घरासारखी, एक मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची. फोटोफ्रेमच्या दुकानात आयुष्य गेलं माझं. पेटी म्हणजे शेवटी जरा जाडजूड फ्रेमच की. मालकांनी उरलेल्या पट्ट्या न्यायला परवानगी दिली आहे. "लाकूड फुकट, पण दुकानात बडबड नको," असं त्यांनीच मुंगीला बजावलं. ती बिचारी तोंडावर बोट ठेवून काम करते आणि मालकच न राहवून तिला गोष्टी सांगत बसतात.

पहिली पेटी काल झाली. कोपरे तिरके कापले, गोंद लावला, दोरीने आवळून रात्रभर ठेवली. मुंगीने पॉलिश पेपरने घासून घासून कडा अशा गुळगुळीत केल्या की मालकांनी त्यावर बोट फिरवून नुसतंच "हं" केलं. त्यांचं "हं" म्हणजे मोठं बक्षीस असतं.

तू म्हणालीस ना, तिची शाळा संपेपर्यंत ती माझ्याकडेच राहील, तिकडे तुझ्या पाळ्या सांभाळून ते जमायचं नाही. म्हणून भिंतीला भोकं पाडताना मी हात आखडता घेतलेला नाही. मोठी झाल्यावर पुस्तकं मावतील अशाही दोन करते.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

सहाही पेट्या झाल्या! तू फोनवर इतक्या बारकाईने चौकशी केलीस, लाकूड कुठलं, आतला रंग कुठला, कुठली पेटी कुणाशेजारी, की मला फार बरं वाटलं. नाहीतर माझ्या कामात तू कधी लक्ष घातलं होतंस? लहानपणी माझी हातोडी दाराला अडसर म्हणून वापरायचीस.

तू मागितलेली मापं खाली लिहिली आहेत. सोबत मुंगीने काढलेलं भिंतीचं चित्र आहे, त्यात भिंतीचा निळा रंगही भरलाय. आकडे आम्ही दुकानात लिहितो तसेच लिहिलेत. टांगायचं कसं ते लिहीत बसत नाही, तुला थोड्याच टांगायच्यात! तिकडे रात्रपाळीनंतर चहा पिताना हे चित्र बघ, म्हणजे लेकीच्या खोलीत बसल्यासारखं वाटेल.

मालकांनी तिला एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ दिलं आहे. मोठ्या पेटीत ते इतकं बरोबर बसतं की बाजूला नखही जात नाही. ते तिचं सगळ्यात लाडकं. बंद आहे म्हणून बरं, ते कधी उशीर झाला म्हणून ओरडत नाही, असं तिचं म्हणणं.

आणि हे काय गं? हल्ली तुझा फोन आला की ती गॅलरीत पळते आणि दार ओढून घेते. मी जवळ गेले की गप्प. तुम्हा मायलेकींची काय खलबतं चालतात? माझ्या वाढदिवसाचा काही घाट घालत असाल तर सांगून ठेवते, मला साडी नको, चांगली पटाशी हवी.

तुझी ताई

१९ मार्च

छोटी,

आज दुकानात काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी मीठमसाला लावला असं तुला म्हणता येणार नाही.

शाळेतून मुंगी नेहमीसारखी दुकानात आली. मी एका लग्नाच्या फोटोची काच पुसत होते. ती स्टुलावर चढून बसली आणि पाय हलवत म्हणाली, "मावशी, पेटीचं माप तू आतून घेतेस की बाहेरून?"

"आतून. फ्रेमवाल्यांचं माप नेहमी आतून असतं. आत काय बसवायचंय ते महत्त्वाचं. का गं?"

"मग त्या सुताराने बाहेरून धरलं. म्हणून घड्याळ मावत नाहीये."

"कुठल्या सुताराने?"

तिचे पाय हलायचे थांबले.

"मुंगे, कुठला सुतार?"

"आईने सांगू नको म्हटलंय."

मालक आतल्या बाजूला काहीतरी शोधायला गेले. त्यांना काही शोधायचं नव्हतं.

मी तिला दटावलं नाही, खोदून विचारलं नाही. पण पोरीच्या पोटात किती दिवस राहणार? काच पुसून होईपर्यंत सगळं बाहेर आलं. तुला तिकडे हॉस्पिटलात कायमची जागा मिळाली आहे. दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आहेस. त्यातल्या एका खोलीला आतून तोच निळा रंग दिला आहेस, आणि माझ्या मापांवरून, मुंगीच्या चित्रावरून सहा पेट्या करून घेतल्यास. एप्रिलमध्ये तू तिला न्यायला येणार आहेस. तिकिटंसुद्धा काढून झाली आहेत. सुताराने केलेली मोठी पेटी तुला लहान वाटली, म्हणून तू तिला पट्टीने घड्याळ मोजायला सांगितलंस, आणि तिथे बिंग फुटलं. माझ्या धंद्यातली एक साधी सवय तुला ठाऊक नव्हती म्हणून मला कळलं, नाहीतर तू दारात उभी राहिल्यावरच कळलं असतं.

तू तिची आई आहेस. तू तिला न्यावंस यात मी काय अडवणार, आणि कुठल्या तोंडाने? चार वर्षं मी रोज स्वतःला हेच बजावत आले आहे. समोर येऊन म्हणाली असतीस, "ताई, आता मला माझी लेक हवी", तर मी रडले असते, दोन दिवस भांडलेही असते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बसून तुझ्या भिंतीचं माप मागवलं असतं. पेट्या मीच करून दिल्या असत्या गं! तुझा सुतार कशाला हवा होता? तू केसाने गळा कापलास माझा. आणि तो केससुद्धा माझ्याकडूनच मागून घेतलास, वर माझं कौतुक करत.

मला अजून एक गोष्ट कळली, ती तू विसरली असशील. मी मुंगीला म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस राणी?" ती म्हणाली, "आई म्हणाली, मावशीला कळलं तर ती पेट्या अर्धवट सोडून देईल."

छोटी, तू असं म्हणालीस? माझ्याबद्दल? तुझ्या लेकीला?

सगळा जानेवारी ती माझ्या शेजारी जमिनीवर बसून कडा घासत होती, आणि तिला माहीत होतं. मी "शाळा संपली की इथे तुझी मोठी पुस्तकं ठेवू" म्हणत होते आणि ती मान डोलावत होती. आठ वर्षांची मुलगी! माझ्याच घरात, माझ्या ताटात जेवताना तिने माझ्यापासून गोष्टी लपवायला शिकावं, हे तू तिला शिकवलंस. घर बदललं तर पोरं रुळतात. हे मात्र अंगात मुरतं.

मी रडले वगैरे नाही. पॉलिशचा वास डोळ्यांना झोंबतो, इतकंच.

ताई

२८ मार्च

छोटी,

तुझे निरोप ऐकले, सगळे. मी फोन उचलत नाही कारण उचलला तर मुंगीसमोर माझा आवाज चढेल. तिच्यासमोर मला तुझ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि चांगलं काही आत्ता सुचत नाही.

तू म्हणतेस, "ताई, तुला सांगितलं असतं तर तू तोंड पाडून बसली असतीस, आणि तुझं तोंड बघून ती यायला तयार झाली नसती." बरं. म्हणजे माझ्या चेहऱ्याची भीती. चार वर्षं तिला ताप आला तेव्हा हाच चेहरा तिच्या उशाशी होता, तेव्हा तुला त्याची भीती वाटली नाही.

तू म्हणतेस, तू रोज रात्री तिच्या फोटोशी बोलतेस. मी खोटं म्हणत नाही. तुझे हाल मला माहीत आहेत. नवरा अर्ध्यातून सोडून गेला, पोर चार वर्षांची, परक्या गावातली पाळीची नोकरी. मीच म्हणाले होते, जा, मी आहे. "मी आहे" म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकावी लागली तुला, हेच मला गिळवत नाही. अनोळखी सुताराला तू विश्वासात घेतलंस. त्याला माहीत होतं, मुंगीला माहीत होतं, तुझ्या घरमालकाला माहीत असणार. ठेंगा काय तो मला.

मालक मला म्हणाले, "पेट्या काढून टाकू का भिंतीवरून? सारखं डोळ्यांसमोर नको." मी म्हटलं, "हात लावून तर बघा." ते घाबरले. दोन दिवस ते माझ्याशी फार अदबीने वागत आहेत. त्याचाही मला रागच येतो.

येताना सरळ घरी ये, बाहेर कुठे उतरू नकोस. तुझी चादर गच्चीवर वाळत घातली आहे. मी तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस. मुंगीसमोर जेवढं बोलावं लागेल तेवढं बोलेन, आणि ते गोड असेल. नाटक करायला आता आपण सगळेच शिकलो आहोत.

ताई

१६ एप्रिल

पोचल्याचा निरोप मिळाला. तिच्या कानाला प्रवासात वारा लागला असेल तर रात्री टोपी घालून झोपव.

ताई

६ मे

छोटी,

तुला पुन्हा पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. वीस दिवस पाळलंही. पण तू पाठवलेला तिच्या खोलीचा फोटो बघून तळपायाची आग मस्तकात गेली. हा राग वेगळा आहे. जुना राग आहे तिथेच आहे, त्याला धक्का लागलेला नाही.

तुझ्या त्या सुताराने पेट्यांच्या पाठीतून, पातळ प्लायवूडमधून, सरळ दोन-दोन खिळे ठोकले आहेत. खिळ्यांची डोकी फोटोत दिसतात. आणि पेट्या लावल्यात कुठे, तर पलंगाच्या डोक्याशी! आज त्या रिकाम्या आहेत म्हणून धरून आहेत. उद्या एकीत ती पितळी मूठ किंवा तोटी ठेवली की पाठ फाटून पेटी खाली येणार, आणि खाली मुंगीची उशी आहे. हे पत्र मिळेल त्या दिवशी, चहासुद्धा नंतर पी, आधी त्या उतरव.

पुन्हा लावताना पलंगासमोरच्या भिंतीवर लाव, मुंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर, तुझ्या नाही. मी लावते ती रीत सांगते. एक पट्टी घ्यायची आणि ती उभी चिरून दोन करायच्या, पण चिरताना करवत तिरकी धरायची. म्हणजे दोन्ही तुकड्यांना उतरती कड येते. एक तुकडा पेटीच्या पाठीला वरच्या बाजूला, उतार खाली करून. हा गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून, आणि स्क्रू प्लायवूडमध्ये नाही, पेटीच्या वरच्या लाकडात जायला हवा. दुसरा तुकडा भिंतीला, उतार वर करून. भिंतीत भोक पाडायचं, त्यात स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी बसवायची, मग स्क्रू आवळायचा. नुसता खिळा नाही. पेटी वरून खाली सरकवली की एक कड दुसरीत जाऊन बसते, आणि वजन वाढेल तशी आणखी घट्ट बसते. मुंगीने ओढली तरी पडत नाही. सुताराला नसेल समजत तर त्याला हे पत्र वाचून दाखव. तेवढा भाग दाखव, बाकीचा नको.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की टांगायचं कसं ते सांगत नाही, तुला थोड्याच टांगायच्यात. ते वाचताना तुला काय वाटलं असेल? मी कितीदा तरी तो विचार करते. तेव्हा तरी फोन करायचा होतास गं.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. तू म्हणतेस, मुंगी पेट्यांत काहीच ठेवत नाही, नवीन आणून दिलेली खेळणीसुद्धा नाही. ताई, तिच्या वस्तू मागे ठेवून घेतल्या असतील तर पाठव, आणि मापांचं पत्र सुताराने हरवलं, तर आतलं नेमकं माप पुन्हा दे, मोठ्या पेट्या नव्याने करून घेते.

वस्तू मी ठेवून घेतलेल्या नाहीत. निघायच्या दिवशी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा मी तिच्या बॅगेशेजारी रिकामा डबा ठेवला, म्हटलं भर सगळं, घड्याळही घे. ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली, शंख जरासे सरळ केले, आणि म्हणाली, "राहू देत मावशी. त्यांना घर मिळालंय." मी तिला हे शिकवलेलं नाही. पोरांना काय बोलायचं आणि काय नाही हे शिकवणं मला येत नाही.

काल तू कामावरून आल्यावर तिने मला फोन केला. मी विचारलं, "तिकडे कुणाशी गट्टी जमली का गं?" तिने फोनवर हात ठेवला. नीट ठेवला नाही, एवढीशी तर मूठ. मला सगळं ऐकू आलं.

"आई, मावशीला सांगू का?"

छोटी, गट्टी कुणाशी जमली हे मला सांगायला तिला परवानगी लागते! जिने मला नळाच्या तोटीची गोष्ट अर्धा तास सांगितली होती, ती मुलगी! तू बहुतेक मान हलवलीस, कारण मग ती म्हणाली, "हो, जमली एक." आणि पुढे काही नाही. नाव नाही, वेणी किती लांब ते नाही, कुठल्या मजल्यावर राहते ते नाही. मी फोन ठेवला आणि तशीच तिच्या खोलीत जाऊन बसले. तू मुलगी नेलीस ते मी सोसलं. पण तिने मला सांगायच्या आधी विचारावं, हे मी सोसणार नाही.

म्हणून आता ऐक. पेट्या उतरवण्याचं आणि टांगण्याचं मी सांगितलं, त्याला माझी काही अट नाही. ते तिच्या डोक्यासाठी आहे. आतल्या मापांना मात्र अट आहे.

सुट्टीच्या दिवशी तिला शेजारी बसव आणि मला फोन लाव. फोन मोठ्या आवाजावर ठेव. मला ऐकू येईल असं तिला सांग की मावशीपासून लपवायला सांगितलं ते आईचं चुकलं. सांग की मावशी पेट्या अर्धवट सोडणार होती असं जे आई म्हणाली ते खरं नव्हतं. आणि सांग की मावशीला काहीही सांगायचं असेल तर आईला विचारायचं नाही, कधीच नाही, मग ते आईबद्दल का असेना. माझी माफी मागू नकोस. मागितलीस तरी मी ती देईन की नाही मला माहीत नाही.

ते झालं की तू उठून दुसऱ्या खोलीत जा. मापं मी मुंगीला सांगेन. पट्टी धरायला तिला मी शिकवलं आहे, ती लिहून घेईल.

तोवर इकडच्या पेट्या आहेत तिथे आहेत. परवा धूळ पुसताना घड्याळ बाहेर काढलं होतं, ते परत बसवताना जरा दाबावं लागलं. हवेने लाकूड फुगलं असेल. तिला सांग, बसलं.

मुंगीची मावशी